सायकल शक्तिमापन व प्रेषण कार्यक्षमता

सायकलस्वाराच्या पायांनी निर्माण होणारी यांत्रिक शक्ती मोजण्याची तंत्रविद्या आणि ती शक्ती साखळी, दंतचक्रे व धारवे यांतून मागील चाकापर्यंत पोहोचताना तिच्यात होणाऱ्या घटीचा विचार. कार्य करण्याच्या त्वरेला शक्ती म्हणतात. ती वॉट या एककात मोजतात व ७४६ वॉट म्हणजे एक अश्वशक्ती होय. सामान्य प्रकृतीचा प्रौढ मनुष्य सायकलीच्या बैठकीवर बसून दीर्घकाळ सु. ७५ वॉट, म्हणजे एक-दशांश अश्वशक्ती, देऊ शकतो. सराव असलेला खेळाडू तासभर याच्या तिपटी-चौपटीपर्यंत शक्ती टिकवू शकतो. माणसाचे हे सामर्थ्य मुळातच अल्प असल्यामुळे त्याचा किती भाग वाटेत खर्ची पडतो, हा प्रश्न केवळ क्रीडास्पर्धेपुरता राहत नाही. सायकलरिक्षा ओढणारा, पायाने चालविण्याच्या यंत्रावर काम करणारा मजूर आणि रुग्णालयात हृदयाच्या चाचणीसाठी स्थिर सायकल चालविणारा रुग्ण यांच्याशीही त्याचा प्रत्यक्ष संबंध येतो.

शक्तिमापकाने दाखविलेला आकडा हा नेहमी सायकलीच्या एखाद्या विशिष्ट ठिकाणचा असतो. तो कोठे मोजला हे सांगितल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. पेडलापाशी मोजलेली शक्ती ही शरीराने दिलेली शक्ती होय, तर मागील चाकाच्या तुंब्यात मोजलेली शक्ती ही साखळीने पोहोचविलेली शक्ती होय. दुसरीला पहिलीने भागले असता येणाऱ्या गुणोत्तरास प्रेषणाची कार्यक्षमता म्हणतात. पेडलाला २०० वॉट दिले असता तुंब्यात १९४ वॉट मिळाले, तर कार्यक्षमता ९७% व हानी ६ वॉट होते. हे ६ वॉट नाहीसे होत नाहीत, तर घर्षणाने उष्णतेत रूपांतरित होतात.

मापनाचे तत्त्व : फिरणाऱ्या भागातून वाहणारी शक्ती म्हणजे त्याला वळविणारे परिबल व त्याचा कोनीय वेग यांचा गुणाकार होय. परिबल न्यूटन-मीटरमध्ये व कोनीय वेग दर सेकंदास अरीयमानात घेतला म्हणजे शक्ती वॉटमध्ये मिळते. उदा., क्रँक मिनिटाला ९० फेरे घेत असेल, तर कोनीय वेग सु. ९.४२ अरीयमान प्रती सेकंद होतो. या वेळी सरासरी परिबल २१.२ न्यूटन-मीटर असेल, तर शक्ती २०० वॉट येते. वेग मोजणे सोपे असते. खरी अडचण फिरत्या भागावरील परिबल मोजण्याची असते.

ही अडचण प्रतिविकृतिमापकाने सुटली. १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे शोधून काढलेल्या या साधनात धातूची अतिसूक्ष्म तार किंवा पातळ पत्र्याची नागमोडी पट्टी मोजावयाच्या भागावर चिकटवितात. भागावर भार येऊन तो किंचित ताणला की, पट्टीही ताणली जाते व तिचा विद्युत् रोध वाढतो. हा बदल अत्यल्प असतो. नेहमीच्या धातूंच्या बाबतीत रोधातील सापेक्ष बदल हा लांबीतील सापेक्ष बदलाच्या सु. दुप्पट असतो. चार पट्ट्या व्हीट्स्टन सेतूच्या चार भुजांत जोडून हा बदल विद्युत् दाबाच्या रूपाने वाचता येतो. जर्मन अभियंते उलरिख शोबेरर यांनी १९८६ च्या सुमारास अशा पट्ट्या पुढील मोठ्या दंतचक्राला क्रँकशी जोडणाऱ्या भागात बसवून रस्त्यावर चालणाऱ्या सायकलीवर वापरता येईल असा मापक तयार केला. १९९० नंतरच्या दशकात तुंब्यात बसविण्याचे मापक आले व पुढे क्रँक भुजेवर आणि पेडलाच्या आसात बसविण्याचे मापकही प्रचारात आले.

मापकाचे स्थान : शक्तीचा प्रवास पेडल, क्रँक भुजा, मोठे दंतचक्र, साखळी, मागील लहान दंतचक्र, फ्रीव्हील, तुंबा, आरे, धाव व टायर असा होतो. मापक या साखळीत जितका पुढे, तितका त्याचा आकडा मोठा व जितका मागे, तितका लहान येतो. पेडलातील, क्रँक भुजेवरील आणि दंतचक्राच्या मध्यभागातील मापक साखळीच्या अगोदर असल्याने त्यांच्या आकड्यात साखळीची हानी समाविष्ट असते. तुंब्यातील मापक साखळीच्या नंतर असल्याने त्यात ती वजा झालेली असते. घरात उभ्या करून चालविण्याच्या नव्या प्रयोगसाधनांत शक्ती रोधक चाकापाशी मोजतात. त्यामुळे तीच व्यक्ती तेवढ्याच श्रमाने पेडल मारत असता रस्त्यावर पेडल-मापकाने २०० व घरातील साधनाने १९४ दाखविणे हे स्वाभाविक आहे. यात दोहोंपैकी एकही साधन सदोष असण्याचे कारण नाही.

काही मापक केवळ डाव्या क्रँक भुजेवर असतात. ते डाव्या पायाची शक्ती मोजून तिची दुप्पट दाखवितात. दोन्ही पाय समान जोर देतात हे यामागील गृहीत होय. एकूण २०० वॉटपैकी डावा पाय ९६ व उजवा पाय १०४ वॉट देत असेल, तर असा मापक १९२ वॉट दाखवील. ही चूक साखळीच्या हानीएवढी किंवा तिच्याहून मोठी आहे. अशा मापकाची तुंब्यातील मापकाशी तुलना केली असता कार्यक्षमता १०० टक्क्यांहून अधिक असल्याचा भास होतो. ही गोष्ट ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाविरुद्ध असल्याने असे उत्तर आले की, ते यंत्राचे नसून मापनाचे लक्षण समजावे.

साखळीतील हानी : आजची सायकलची साखळी ही हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टर येथे १८८० मध्ये शोधलेल्या रूळयुक्त साखळीची वंशज आहे. जॉन केंप स्टार्ली यांच्या १८८५ च्या ‘रोव्हर’ सुरक्षित सायकलीपासून मागील चाक साखळीने चालविण्याची पद्धत रूढ झाली. साखळीच्या दोन लगतच्या पिनांच्या मध्यांतील अंतर १२.७ मिमी. (अर्धा इंच) असते. साखळी सरळ धावत असताना तिच्या सांध्यांत हालचाल नसते व म्हणून घर्षणही नसते. प्रत्येक सांधा दंतचक्रावर चढताना वाकतो व उतरताना पुन्हा सरळ होतो. त्या वेळी ताणाखाली असलेली पिन आपल्या वेष्टनात फिरते व तेथे घर्षण होते [⟶ घर्षण]. वाकण्याचा कोन हा पूर्ण वर्तुळाला दात्यांच्या संख्येने भागून मिळतो. ४४ दात्यांच्या चक्रावर तो सु. ८ अंश, १८ दात्यांच्या चक्रावर २० अंश, तर ११ दात्यांच्या चक्रावर जवळजवळ ३३ अंश असतो. चक्र जितके लहान, तितका सांधा अधिक वाकतो व हानी अधिक होते, हे यावरून स्पष्ट होते.

हे प्रमाण गणिताने काढता येते. ताणलेल्या बाजूवरील सांध्यांचा विचार केल्यास हानीचा अंश पुढीलप्रमाणे येतो : घर्षण गुणांक, पिनेच्या त्रिज्येला कडीच्या लांबीने भागून येणारे गुणोत्तर, ६.२८ ही संख्या आणि दोन्ही चक्रांच्या दाते-संख्यांच्या व्यस्तांची बेरीज यांचा गुणाकार. पिनेची त्रिज्या १.८ मिमी. व चांगले वंगण असलेल्या सांध्याचा घर्षण गुणांक ०.१ धरल्यास ४४ व १८ दात्यांच्या जोडीसाठी हानी सु. ०.७% येते. ४४ व ११ दात्यांच्या जोडीसाठी ती सु. १% होते. घर्षण गुणांक दुप्पट झाला, तर ही हानीही दुप्पट होते. यात ढिल्या बाजूचे सांधे, धारवे, साखळी तिरपी धावल्याने कडांचे दात्यांशी होणारे घासणे आणि गिअर बदलणाऱ्या यंत्रणेतील दोन छोटी चक्रे यांची भर पडते. त्यामुळे स्वच्छ व वंगण दिलेल्या सायकलीत एकूण हानी साधारणपणे २ ते ४ टक्क्यांच्या दरम्यान राहते. एकच गिअर असलेल्या काळ्या सायकलीत गिअर बदलणारी छोटी चक्रे नसल्याने व साखळी सरळ रेषेत धावत असल्याने तिची रचना या दृष्टीने अतिशय अनुकूल असते. ती जड चालते असा अनुभव येतो, तो बहुधा वजन, टायरांतील कमी हवा व गंजलेली साखळी यांमुळे येतो.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा प्रायोगिक अभ्यास करून २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी शक्तीचे मापन तर केलेच, शिवाय अवरक्त छायाचित्रणाने साखळी कोठे तापते हेही पाहिले. त्यांना कार्यक्षमता ८०.९ ते ९८.६ टक्क्यांपर्यंत आढळली. मोठी दंतचक्रे व साखळीवरील अधिक ताण या दोन गोष्टींमुळे ती वाढते, असे दिसून आले. तिरप्या साखळीचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी होता. प्रयोगशाळेतील स्वच्छ स्थितीत वंगणाच्या प्रकाराचा परिणामही फारसा आढळला नाही. धूळ, चिखल व गंज यांनी युक्त अशा रस्त्यावरील साखळीला मात्र हा शेवटचा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. चेस्टर काइल व फ्रँक बर्टो यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या मापनांत तुंब्यातील बंदिस्त गिअर हे साखळी सरकवून बदलण्याच्या गिअरांपेक्षा सर्वसाधारणपणे सु. २ टक्क्यांनी कमी कार्यक्षम असल्याचे आढळले.

भारानुसार होणारा बदल : कार्यक्षमता हा सायकलीचा स्थिर गुणधर्म नव्हे. हानीचे दोन भाग पडतात. एक भाग (धारव्यांच्या धूळरोधक कड्या, ढिल्या बाजूची साखळी व छोटी चक्रे यांतील) भारावर फारसा अवलंबून नसतो. दुसरा भाग साखळीतील ताणाच्या प्रमाणात वाढतो. उदाहरणादाखल पहिला भाग २ वॉट व दुसरा दिलेल्या शक्तीच्या २% मानल्यास, ५० वॉट दिले असता हानी ३ वॉट म्हणजे ६%, २०० वॉटला ६ वॉट म्हणजे ३% आणि ४०० वॉटला १० वॉट म्हणजे २.५% होते. म्हणजे बलवान स्पर्धकाच्या तुलनेत हळू चालविणाऱ्याचे शेकडेवारीने अधिक नुकसान होते. यामुळे तुंब्यातील आकड्याला सरसकट एकाच गुणकाने गुणून पेडलावरील शक्ती काढण्याची प्रथा ढोबळ अंदाजापुरतीच योग्य ठरते.

दीर्घ पल्ल्याच्या प्रवासात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सु. ४,८०० किमी.ची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा २०१७ मध्ये भारतीय लष्करातील वैद्यकीय अधिकारी श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने पूर्ण केली. तत्पूर्वी २०१५ मध्ये नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी ती दोघांच्या संघाने पार केली होती. अशा कित्येक दिवस चालणाऱ्या प्रवासात सरासरी शक्ती अल्पकालीन शर्यतीपेक्षा बरीच कमी ठेवावी लागते. साहजिकच न बदलणाऱ्या हानीचा वाटा वाढतो. शरीराची स्वतःची कार्यक्षमता २० ते २५ टक्क्यांपर्यंतच असल्यामुळे साखळीत गेलेल्या प्रत्येक ज्यूलसाठी अन्नातून चार ते पाच ज्यूल मिळवावे लागतात. तासभर ६ वॉट वाया गेले, तर यांत्रिक हानी २१.६ किलोज्यूल होते. ती भरून काढण्यास शरीराला सु. २२ किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. दिवसभराच्या श्रमात त्याची बेरीज एका चपातीच्या पोषणमूल्याहून अधिक होते.

त्रुटी व त्यांचे मूल्यमापन : चांगल्या मापकाची अचूकता अधिक-उणे १ ते २% असल्याचे निर्माते नमूद करतात. पेडल व तुंबा या दोन्ही ठिकाणच्या मापकांत १.५% त्रुटी संभवत असेल, तर २०० व १९४ या आकड्यांत प्रत्येकी सु. ३ वॉटची अनिश्चितता असते. दोन स्वतंत्र त्रुटी वर्गांच्या बेरजेच्या वर्गमूळाने एकत्र येतात व फरकातील अनिश्चितता सु. ४.२ वॉट होते. म्हणजे हानी ६ वॉट आहे असे न म्हणता ती साधारण २ ते १० वॉटच्या दरम्यान आहे एवढेच म्हणता येते. दोन आकड्यांची केवळ वजाबाकी करून एका साखळीपेक्षा दुसरी साखळी एका वॉटने सरस असल्याचे सिद्ध होत नाही. त्यासाठी मापक तेच ठेवून, एकच घटक बदलून, अनेकदा व आलटून-पालटून चाचण्या घ्याव्या लागतात. अशा रीतीने मापकाची कायम राहणारी त्रुटी दोन्ही बाजूंना समान पडून वजा होते.

मापकाचे अंशन परीक्षण ज्ञात वजनाने करता येते. मागील चाक रोखून धरावे, १७० मिमी. लांबीची क्रँक आडवी ठेवावी व पेडलाच्या आसाला २० किग्रॅ. वजन टांगावे. नागपूर येथे गुरुत्व प्रवेग सु. ९.७९ मी. प्रती सेकंद वर्ग असल्याने परिबल सु. ३३.३ न्यूटन-मीटर आले पाहिजे. मापकाने दाखविलेला आकडा याच्याशी ताडून पाहावा. गुरुत्व प्रवेगाचे प्रमाण मूल्य (९.८०७) घेतल्यास येणारा फरक केवळ ०.२% असल्याने व्यवहारात तो सोडून दिला तरी चालतो. परीक्षणापूर्वी भार नसताना मापक शून्य दाखवितो की नाही, हे पाहणे मात्र आवश्यक असते.

तापमानाचा परिणाम अधिक गंभीर असतो. नागपुरात हिवाळ्यातील पहाटेचे १२° से. व मे महिन्यातील दुपारचे ४५° से. यांत ३३ अंशांचे अंतर पडते. ॲल्युमिनियमाची ताठरता तापमानाबरोबर किंचित घटते. या अंतराला ती घट १ ते २ टक्क्यांच्या घरात जाते. तेवढ्याच परिबलाने तापलेली क्रँक अधिक ताणली जाते व भरपाईची योजना नसलेला मापक तितकी अधिक शक्ती दाखवितो. शिवाय पट्टी व धातू यांच्या प्रसरणातील फरकामुळे शून्य बिंदूही सरकतो. नव्या मापकांत तापमान मोजून दुरुस्ती करण्याची सोय असते. तथापि गारव्यातून उन्हात आणलेल्या सायकलीचे भाग हवेच्या तापमानाला येईपर्यंत थांबून मग शून्य पुन्हा जुळविणे हितावह असते.

लंबवर्तुळाकार दंतचक्र वापरल्यास आणखी एक त्रुटी उद्‌भवते. काही मापक परिबल अनेकदा मोजून त्याची सरासरी काढतात, पण कोनीय वेग मात्र एका पूर्ण फेऱ्याचा सरासरी धरतात. अशा चक्रात पाय जोर देत असताना क्रँक सावकाश व इतर वेळी जलद फिरते. मोठे परिबल व लहान वेग एकाच क्षणी येत असल्याने सरासरींचा गुणाकार हा खऱ्या सरासरी शक्तीपेक्षा मोठा ठरतो व आकडा काही टक्क्यांनी फुगतो. वेगाचेही क्षणोक्षणी मापन करणाऱ्या साधनांत ही त्रुटी राहत नाही.

वेगावरून अनुमान : साखळी बदलल्यावर सायकल अधिक वेगाने धावली, म्हणून कार्यक्षमता वाढली असे अनुमान अनेकदा काढतात. ते सावधगिरीने तपासले पाहिजे. सपाट रस्त्यावर शक्तीचा मोठा भाग वातरोधावर मात करण्यात व उरलेला टायरांच्या लोटण घर्षणात खर्च होतो. वातरोध हवेच्या घनतेच्या प्रमाणात असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सु. ३१० मी. उंचीवर आहे. तेथे हवेची घनता हिवाळ्यातील पहाटे सु. १.२० किग्रॅ. प्रती घन मीटर, तर उन्हाळ्यातील दुपारी सु. १.०७ असते. सरळ बसलेला स्वार व सायकल यांचे एकूण वस्तुमान ८५ किग्रॅ., वातरोधाचे परिणामी क्षेत्रफळ ०.५ चौ. मी. व लोटण घर्षणाचा गुणांक ०.००६ धरल्यास, वारा नसताना ताशी ३० किमी. वेगासाठी मागील चाकापाशी हिवाळ्यात सु. २१५ व उन्हाळ्यात सु. १९६ वॉट लागतात. ऋतुमानाने पडणारा हा १९ वॉटचा फरक साखळीच्या संपूर्ण हानीच्या तिपटीएवढा आहे. जानेवारीत जुन्या व मेमध्ये नव्या साखळीने केलेल्या फेऱ्यांची तुलना केली, तर हवेच्या विरलतेचे श्रेय साखळीला जाते, हे यावरून ध्यानात येईल.

नागपूर येथील कार्य : मानवी शक्तीच्या प्रेषणाचा व मापनाचा प्रश्न नागपुरात स्पर्धेच्या सायकलीपूर्वीच ग्रामोद्योगाच्या संदर्भात हाताळला गेला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात (२००२ पासून विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) प्राध्यापक जे. पी. मोडक व त्यांचे सहकारी यांनी मानवशक्तिचलित प्रचक्र यंत्र विकसित केले. चुना, औष्णिक वीज केंद्रातील उडती राख व वाळू यांच्या विटा तयार करण्याचे यंत्र हा त्याचा पहिला महत्त्वाचा उपयोग होय. कोराडी व खापरखेडा येथील वीज केंद्रांमुळे नागपूर परिसरात अशी राख मुबलक असते. या यंत्राच्या रचनेसंबंधीचा मोडक व एस. डी. मोघे यांचा लेख १९९८ मध्ये ‘ह्यूमन पॉवर’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे कडबा कापणे, लाकूड कातणे इ. कामांसाठीही हे तत्त्व योजण्यात आले. यंत्राच्या संकल्पनेविषयी मोडक यांनी २००७ मध्ये फ्रान्समधील बझांसाँ येथे भरलेल्या यंत्रविज्ञानाच्या जागतिक परिषदेत निबंध सादर केला.

या यंत्रामागील विचार असा : वीट दाबून काढण्यासारख्या कामास काही अश्वशक्ती लागतात, पण त्या थोडाच वेळ लागतात. माणूस एवढी शक्ती देऊ शकत नाही, परंतु थोडी थोडी ऊर्जा साठवू शकतो. म्हणून चालक बैठकीवर बसून सायकलीप्रमाणे पेडल मारतो. साखळी व वेग वाढविणारी दंतचक्रे यांच्या द्वारे जड प्रचक्र फिरू लागते. पुरेसा वेग आल्यावर पेडल मारणे थांबवून क्लच जोडतात व साठलेली ऊर्जा काही सेकंदांत कामाच्या यंत्राला मिळते. उदाहरणार्थ, परिघाशी ५० किग्रॅ. वस्तुमान व ०.५ मी. त्रिज्या असलेले प्रचक्र मिनिटास ४०० फेऱ्यांच्या वेगाला पोहोचले म्हणजे त्यात सु. ११ किलोज्यूल ऊर्जा साठते. ही ऊर्जा एका मिनिटात भरली गेली असेल, तर सरासरी शक्ती सु. १८३ वॉट होते. वेग निम्म्यावर येईपर्यंत काम घेतल्यास तीन-चतुर्थांश ऊर्जा बाहेर पडते. तिला ८ सेकंद लागले, तर कामाच्या यंत्राला एक किलोवॉटहून किंचित अधिक, म्हणजे सु. १.४ अश्वशक्ती मिळते.

येथेही मापनाचे स्थान निर्णायक ठरते. प्रचक्राचा वेग व त्याचे निरूढी परिबल माहीत असले की, साठलेली ऊर्जा कोणत्याही प्रतिविकृतिमापकाशिवाय काढता येते, म्हणजे प्रचक्र हाच एक शक्तिमापक होतो. पण तो साखळीच्या पलीकडचा मापक आहे. साखळीची कार्यक्षमता ९७%, दंतचक्रांची ९६% व धारव्यांची ९७% धरली, तर तिहींचा गुणाकार सु. ९०% होतो. म्हणजे प्रचक्रात १८३ वॉट दिसत असताना चालकाच्या पायांनी सु. २०३ वॉट दिलेले असतात. केवळ प्रचक्रावरून मजुराच्या श्रमाचा हिशेब केला, तर प्रत्येक मिनिटास २० वॉटचे श्रम हिशेबाबाहेर राहतात आणि कामाच्या पाळ्या व विश्रांती यांचा बेत चुकतो. याउलट पेडलापाशी मोजून यंत्राच्या उत्पादनाचा अंदाज बांधला, तर तो फुगलेला येतो. धारव्यांची व हवेची हानी पेडल थांबवून प्रचक्र किती वेळात मंदावते यावरून स्वतंत्रपणे काढता येते. उरलेली हानी साखळी व दंतचक्रे यांत वाटून द्यावी लागते. पायांच्या शक्तीचा अधिक चांगला उपयोग व्हावा म्हणून लंबवर्तुळाकार दंतचक्र व तरफांच्या वेगळ्या रचना यांचाही अभ्यास मोडक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला.

वैद्यकीय उपयोग : हृदय व फुप्फुसे यांच्या क्षमतेच्या चाचणीसाठी वापरण्यात येणाऱ्या श्रममापक सायकलीत प्रचक्रावर पट्टा घासून रोध निर्माण करतात. पट्ट्यावरील बल व परिघाने कापलेले अंतर यांवरून शक्ती काढतात. प्रचलित अशा एका रचनेत पेडलांच्या एका फेऱ्याला परिघ ६ मी. अंतर कापतो. एक किलोग्रॅम-भार बलाला मिनिटास ५० फेरे घेतल्यास सु. ४९ वॉट होतात. हा आकडाही साखळीनंतरचा असल्याने रुग्णाने प्रत्यक्षात दिलेली शक्ती काही टक्क्यांनी अधिक असते. साखळी कोरडी वा गंजलेली असल्यास हा फरक वाढतो. एकाच रुग्णाच्या सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या चाचण्यांची तुलना करताना मधल्या काळात साखळीची निगा कशी राखली, हे म्हणून विचारात घ्यावे लागते. अन्यथा यंत्रातील सुधारणा रुग्णाची सुधारणा म्हणून नोंदली जाण्याचा संभव असतो.

निगा व व्यवहार : साखळी पुसून धूळ काढणे, सांध्यांच्या आत पोहोचेल असे पातळ वंगण देऊन वरचे जादा वंगण पुसून टाकणे, कड्या झिजून साखळी लांबल्यास ती बदलणे आणि शक्य असेल तेथे मोठ्या दात्यांची चक्रे वापरणे या उपायांनी हानी कमी राखता येते. बाहेरून दिसणारे तेल धूळ धरून ठेवते व घर्षणाची जागा आत पिनेपाशी असल्याने ते उपयोगीही पडत नाही. नवी साखळी १२ कड्या-जोड्यांना, म्हणजे २४ पिनांच्या अंतराला, ३०४.८ मिमी. भरते. हे अंतर सु. १ टक्क्याने वाढले की साखळी दात्यांवर नीट बसत नाही व दातेही झिजू लागतात. शक्तिमापकाचा उपयोग करताना मापकाचे स्थान, शून्य जुळविल्याची वेळ, तापमान व वापरलेली दंतचक्रे यांची आकड्याबरोबर नोंद ठेवावी. अशी नोंद असेल, तरच निरनिराळ्या सायकलींवर, ऋतूंत वा वर्षी घेतलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात आणि त्यांतील फरक शरीराचा, साखळीचा की मापकाचा, हे ठरविता येते.